वरच्या पेठेचं पाणी

एकाहत्तरच्या निवडणुकीत माझी नेमणूक बोटाला शाई लावायला झाली होती. दुपारी अनसाक्का आली आणि तिनं डावा हात माझ्यापुढे टेबलावर ठेवला. कोपरापर्यंत गर्द निळा. नखंसुद्धा निळी. मी शाईची काडी हातात धरून नुसताच बघत बसलो. केंद्राध्यक्ष पारनेरकडचे एक मास्तर होते, नियमाला फार जपणारे. ते उठून आले, हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले की बाई, आधी हात धुऊन या. अनसाक्का म्हणाली की खुशाल घासून बघा, माझा रंग पक्का असतो, उतरला तर सगळ्या सुताचे पैसे परत करीन. मागं रांग खोळंबली. मास्तरांना भीती ही, की शाई दिसली नाही तर बाई संध्याकाळी पुन्हा मत देऊन जाईल.

"मी दोनदा मत देत न्हाई मास्तर," ती म्हणाली. "एकदाच देते आन पाच वर्सं वसूल करते."

हे तिनं नंतर खरं करून दाखवलं, म्हणून लिहायला बसलो. गावाचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्या वेळच्या कारभाऱ्यांची मुलं अजून लग्नाकार्यात भेटतात आणि माझ्याच पंक्तीला बसतात.

मी तिथल्या नगरपालिकेत आवक-जावक टेबलावर कारकून होतो आणि खालच्या गल्लीत एका शिंप्याच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खालच्या गल्लीत रंगाऱ्यांची दहा-बारा घरं. गावात हातमाग बरेच होते, त्यांचं सूत इथं रंगायचं. समोरच अनसाक्काची भट्टी. साडीच्या काठाला लागणारा पक्का लाल आख्ख्या गावात फक्त तिच्या हंड्यात व्हायचा. माहेर बेलापूरचं, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर वाढलेली बाई, आणि दिलेली आमच्या कोरड्या मुलखात. याचा राग तिला लग्नानंतर पंचवीस वर्षांनीही होता. नवरा शांत गृहस्थ. सुताच्या लड्या वाळत घालायचा आणि काहीही विचारलं तरी "तिला विचारा" एवढंच बोलायचा. मी नगरपालिकेत आहे म्हणून मला ती "सरकार" म्हणायची. सकाळी कामावर निघालो की ओट्यावरून हाक यायची, "काय सरकार, आज काय बुडवायला निघालास?" पहिला महिनाभर मला राग येत असे. नंतर ती हाक आली नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

तिच्यात चांगलं तेवढंच होतं असं मुळीच नाही. तोंड फाटकं. आपली चूक असली तरी आधी आवाज चढवायचा आणि मग विचार करायचा, ही रीत. सुताचा रंग बिघडला तर सूतच खराब म्हणून विणकराच्या अंगावर घालायची. शिंप्याशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून तिचं तीन वर्षं वैर होतं, आणि ती दोरी शिंप्याचीच होती. पण एकदा एखादी गोष्ट न्यायाची आहे असं डोक्यात बसलं की ती पार शेवटापर्यंत जायची, मग तिथं तिचं स्वतःचं घर का आडवं येईना.

आमची गल्ली खोलगट होती. वर उतारावर पेठ. तिथं व्यापाऱ्यांची दुकानं, सरकीची गोदामं, मोठमोठे पत्रे, फरशी घातलेली अंगणं. पेठेतून आमच्याकडे तीन बोळ उतरायचे. पाऊस पडला की पेठेत कुठं थेंब मुरायला जागा नाही. सगळं पाणी तिन्ही बोळांतून धावत आमच्या घरात. त्या वर्षी परतीच्या पावसात गल्लीत मांडीएवढं पाणी झालं. रंगाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या, रंगवलेल्या लड्या चिखलात गेल्या. मी माडीवर होतो म्हणून माझं अंथरूण तेवढं वाचलं.

मग नगरपालिकेनं ठराव केला की पेठेपासून ओढ्यापर्यंत पावसाच्या पाण्याचा दगडी नाला बांधायचा. गल्लीत पेढे वाटले गेले. आठ दिवसांत ठरावाची दुसरी बाजू बाहेर आली. नाल्याच्या खर्चासाठी खास पट्टी बसवायची होती, आणि ती फक्त खालच्या गल्लीवर. कारण नाल्याचा फायदा त्यांनाच. रंगाऱ्याच्या दर घराला घरपट्टीच्या दुप्पट. चार-पाच वर्षं अशी पट्टी भरायची तर निम्म्या घरांनी भट्ट्या विकल्या असत्या, आणि गल्लीत सगळ्यांना हे कळत होतं.

हरकती ऐकायला सभा भरली. मी कोपऱ्यात कागद घेऊन बसलो होतो. अध्यक्ष पेठेतलेच, सरकीचे व्यापारी. माणूस गोड. समोरच्याला नाही म्हणायचं असलं की आधी चहा मागवायचे. त्यांनी अनसाक्काला चहा दिला आणि समजावलं की ज्याला फायदा त्यानं खर्च सोसावा, हा तर साधा हिशेब आहे.

"फायदा कुठला?" ती म्हणाली. "आमचा तोटा थांबतोय. तुमच्या पत्र्यावरचं पानी तुमी तुमच्या दारात ठिवा, आमाला नालाच नको. एक पै मागनार न्हाई."

अध्यक्ष हसले. म्हणाले, "बाई, पाणी काय कुणाच्या नावावर असतं का?"

"नसतंय ना? मग पट्टी आमच्याच नावावर कशापायी?"

सभेत हशा झाला, पण हशानं ठराव बदलत नाही. पट्टी कायम झाली. अनसाक्कानं चहा न पिता कप तसाच टेबलावर ठेवला आणि जाताना मला म्हणाली, "लिवून ठेव सरकार, अनसानं भरली न्हाई."

आणि मग पाऊसच गेला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. माणसं खडी फोडायला गेली, जनावरं कवडीमोलानं गेली. विहिरींचे तळ दिसले. नाल्याचं काम पैसा नाही म्हणून पुढं ढकललं. पण पट्टीची बिलं मात्र वेळेवर निघाली. आभाळात ढग नाही आणि लोकांच्या हातात पावसाच्या पाण्याची पट्टी. ती वाटत मी गल्लीभर फिरलो आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. अनसाक्कानं मात्र शिवी दिली नाही. बिल हातात घेऊन आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ते भट्टीत घातलं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तिला विचारा.

जप्ती आली. धंद्याची हत्यारं उचलता येत नाहीत, म्हणून भट्टी आणि हंडे सोडून तिचं अंघोळीचं पितळी घंगाळ उचललं. सासूकडून आलेलं, चांगलं जड. कचेरीपुढे लिलाव झाला. गल्लीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. गावातलं कुणी बोली लावीना. शेवटी जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या, कर्जतकडून आलेल्या एका मोडवाल्यानं आकडा सांगितला. तेव्हा अनसाक्का पुढं झाली आणि फार आपुलकीनं त्याला म्हणाली की दादा, घे, पण याचा तळ गळतो, डाग लावलेला आहे, मागाहून बोंब नको. मोडवाल्यानं घंगाळ पालथं घालून बघितलं, त्याला काहीच दिसलं नाही, पण मालकीणच सांगते म्हटल्यावर तो मागं सरला. मग दुसऱ्या कुणाची बोली येण्याचा प्रश्नच नव्हता.

घंगाळ कचेरीतच राहिलं. दुष्काळात पाणी साठवायला भांडी अपुरी, म्हणून शिपायानं त्यात प्यायचं पाणी भरून ठेवायला सुरुवात केली. वर्षभर आम्ही सगळे, अध्यक्षांसकट, तेच पाणी प्यायलो. एक थेंब गळला नाही. एकदा काही कामानं ती आली आणि तिनं ते पाहिलं. भांड्यावर वाकून तळाला बोट लावलं आणि शिपायाला म्हणाली, बरं झालं, नगरपालिकेनं फुकटात दुरुस्त करून दिलं, आता गल्लीचा निकाल लागेपर्यंत नीट वापरा. मी कागदात तोंड खुपसून हसलो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माणसं पुन्हा माणसांत आली. भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा पेठेत सणाचा नुसता ऊत आला होता, कारण आदल्या वर्षी कुणी धड दिवाही लावला नव्हता. आमच्याकडे गौरी घरात घेताना अंगणापासून देव्हाऱ्यापर्यंत त्यांची पावलं काढतात, आणि पेठेतल्या बायकांची दारातल्या रांगोळीवरून चढाओढ असते. अनसाक्कानं निरोप पाठवला की यंदा रांगोळीचे रंग माझ्याकडून, सगळ्या पेठेला फुकट. पट्टीवरून एवढं भांडण, आणि ही बाई रंग वाटते, म्हणून पेठेतल्या बायकांना ती मनानं मोठी वाटली. मलाही क्षणभर वाटलं. तिनं तिन्ही बोळांच्या तोंडाशी असलेल्या घरांना वेगवेगळा रंग दिला. पहिल्या बोळाच्या वर अध्यक्षांचा बंगला, तिकडे गुलाबी. मधल्या बोळाच्या वर सरकीची गोदामं, तिकडे हिरवा. तिसऱ्याच्या वर कापडाची दुकानं, तिकडे जांभळा. बायकांनी हौसेनं फरशीभर रांगोळ्या काढल्या. तो रांगोळीचा रंग नव्हता. सुताला लावायचा कच्चा रंग होता, चिमूटभर टाकला तर हौदभर पाणी रंगवणारा.

गौरी जेवल्या त्या दुपारी पाऊस आला. मी माडीच्या खिडकीत होतो. पहिल्या बोळातून गुलाबी पाणी उतरलं. मग मधल्या बोळातून हिरवं. मग जांभळं. लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. अनसाक्का गुडघाभर पाण्यात मधोमध उभी, लुगडं खोचलेलं, आणि माझ्याकडे वर बघून ओरडली की सरकार, जा, तुझ्या साहेबांना घेऊन ये. मी छत्री न घेताच धावलो. सण असूनही मुख्याधिकारी आले, तरुण होते आणि नवीन होते म्हणून आले. मागोमाग अध्यक्षही आले, धोतर वर धरून.

"हे बगा," ती म्हणाली. "पानी कुनाच्या नावावर नसतंय म्हनला हुता. हे गुलाबी तुमच्या दारचं. वळकून घ्या."

पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या भिंतींवर तीन रंगांचे पट्टे राहिले आणि ते दिवाळीपर्यंत गेले नाहीत. पेठेतल्या फरशाही रंगल्या. तिकडच्या बायकांनी अनसाक्काला भरपूर शिव्या दिल्या आणि त्या तिला पोचल्या, पण येणारा-जाणारा फरशीवरचा रंग बघायचा, मग भिंतीवरचा बघायचा, आणि हसायचा. पंधरा दिवसांत नवा ठराव आला. पट्टी आता सगळ्या गावावर, ज्याचा पत्रा आणि फरशी जेवढी मोठी तेवढी जास्त. खालच्या गल्लीच्या वाट्याला अगदी थोडी आली. घंगाळ परत मिळालं. गल्लीनं अनसाक्काला हार घातला. शिंप्यानं स्वतः आणून घातला, दोरी विसरून. इथं गोष्ट संपली असती तर मी ती लग्नाच्या पंक्तीत सांगितली असती, लिहिली नसती.

हाराच्या दुसऱ्या दिवशी यल्लूबाई आली. गल्लीच्या खाली, ओढ्याच्या काठाला वडारांची वस्ती होती, पाच-पन्नास खोपटी. यल्लूबाई तिथली, दगड फोडणारी, अनसाक्काच्याच वयाची. नाल्याचं दगडकाम वडारांनाच मिळालं होतं, त्यामुळे तिनं आखणी पाहिली होती. पैसे पुरेनात म्हणून आखणीत नाला गल्लीच्या शेवटी, वस्तीच्या तोंडाशी संपवला होता. अनसाक्का ओट्यावर सूत पिळत होती, मी तिच्याकडे चहाला बसलो होतो. यल्लूबाई ओट्याखालीच उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही.

"आक्का," ती म्हणाली, "तुमाला तीन रंग दिसले. आमच्यात काळंच आलं."

अनसाक्काला आधी कळलं नाही. आणि नेहमीप्रमाणे तिनं आधी आवाज चढवला. म्हणाली, मी काय करू, पाऊस माझा का? यल्लूबाई शांतपणे सांगत राहिली की पावसाचं एक वेळ राहू द्या, पण तुमच्या भट्ट्यांचं उरलेलं रंगाचं पाणी रोज आमच्या दारावरून जातं, पोरांच्या पायाला फोड येतात, आणि आता आमच्याच हातानं नाला बांधून सगळ्या गावाचं पाणी आमच्या खोपट्यांवर सोडायचं. एवढं बोलून ती गेली. भांडायला आलीच नव्हती ती. कळवायला आली होती.

अनसाक्काच्या हातातलं सूत तसंच राहिलं. मी म्हणालो की आक्का, तुझी काय चूक यात, आराखडा ओव्हरसिअरनं केला. ती म्हणाली, "अध्यक्ष बी असंच म्हनत हुता."

त्या संध्याकाळी तिनं गल्ली गोळा केली आणि सांगितलं की नाला वस्ती ओलांडून ओढ्याच्या पुढच्या वळणापर्यंत गेला पाहिजे, आणि रंगाऱ्यांच्या घरांनी भट्टीमागं जादा पट्टी घ्यावी, कारण ते पाणी आपलं. गल्ली उसळली. दोन वर्षं जिच्या मागं उभे राहिलो ती आता आपल्याच गळ्याला पट्टी बांधते, म्हणून लोक नको ते बोलले. वडारांसाठी? असंही कुणीतरी म्हणालं. शिंप्यानं हार परत मागितला नाही एवढंच, कारण तो सुकला होता. ती एकटी सगळ्यांना पुरून उरत होती, पण कुणी हात वर केला नाही. नवऱ्याला कुणीतरी विचारलं की तुमचं काय मत. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी तिच्या बाजूनं हाय." त्याचं हे एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अनसाक्कानं भट्टी विझवली. म्हणाली, जोपर्यंत माझं पाणी जायला जागा नाही तोपर्यंत माझ्या दारातून थेंब जाणार नाही. दिवाळी तोंडावर. विणकरांचं सूत तिच्याकडे पडून. काठाला लाल नाही तर साडी विणून काय करायची? आठवडाभरात माग थांबायला लागले. विणकर येऊन हात जोडून गेले, एक-दोघे दात-ओठ खाऊन गेले. तिचं घर उधारीवर चाललं होतं. मी डाळ-तांदूळ घेऊन गेलो तर तिनं ते परत पाठवले आणि सांगितलं की सरकारी मदत चालत नाही. मला भीती वाटत होती की ही मोडेल. नंतर नंतर मला राग येऊ लागला, तिचा नव्हे, आमच्या सगळ्यांचा. पेठेतल्या कापडवाल्यांना दिवाळीचा माल मिळेना, तेव्हा ते अध्यक्षांकडे गेले, आणि जे काम माणुसकीनं झालं नसतं ते साडीच्या काठानं झालं. पेठेतल्या पत्र्यांवर पट्टी थोडी वाढली. उरलेला भाग रंगाऱ्यांवर आला. गल्लीनं तो कुरकुरत कबूल केला, कारण आता गावभर त्यांच्याच नावानं बोंब होती. अनसाक्कानं आपल्या भट्टीचा वाटा सगळ्यात आधी भरला. पावती घेताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तरी लगेच उभा राहिलो. का राहिलो कुणास ठाऊक.

नाला पूर्ण झाला. पुढच्या पावसात वस्तीत पाणी शिरलं नाही. गल्लीनं मात्र तिला पुन्हा हार घातला नाही, आणि निम्मी घरं तिच्याशी बोलेनाशी झाली. तिनं त्याचं काही मनाला लावून घेतलं असेल तर मला कधी दिसलं नाही.

त्याच पावसाळ्यात माझी बदली झाली. शिंप्याचं भाडं चुकतं करून मी पत्र्याची ट्रंक घेऊन सकाळच्या गाडीला निघालो. अनसाक्काला भेटायला गेलो तर ती घरात नव्हती. नवऱ्याला विचारलं, त्यानं ओढ्याकडे बोट दाखवलं. वेळ थोडा होता, तरी गेलो. नाला जिथं ओढ्यात सुटतो त्या वळणावर ती उभी होती, पायात चप्पल नाही. समोर एक धोतरवाला शेतकरी, ओढ्याच्या पलीकडे त्याचं रान. तो तावातावानं हात करून पलीकडचे वाफे दाखवत होता. सगळ्या गावाचं पाणी एका जागी सुटल्यामुळे ओढ्यानं काठ तोडला होता आणि त्याच्या कांद्याच्या रोपात चिखल बसला होता.

मला वाटलं, आता ही त्याला खाते. पण ती ऐकत होती. त्याचं पुरतं बोलून होईपर्यंत थांबली, मग पाण्यात उतरली आणि पलीकडे जाऊन, लुगडं वर धरून, तुटलेला काठ पायानं चाचपून बघू लागली. मी अलीकडून ओरडून सांगितलं की आक्का, माझी बदली झाली, निघालो मी. तिनं मान वर केली. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून तिनं लाल हात कपाळाला लावला.

"खोटं बोलत न्हाई ह्यो," ती म्हणाली. "तू नीट जा, सरकार. पन तुझ्या टेबलावर आता कोन येनार, त्याचं नाव सांगून जा."